सातवा रकाना

हिराताईंनी छापील फॉर्मवरच्या सातव्या रकान्यावर आडवी रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि कागद काचेखालच्या फटीतून आत सरकवला.

काउंटरमागच्या मुलीच्या छातीवर ऋचा अशी नावाची पट्टी होती. तिनं कागद उचलून कॉम्प्युटरवर भराभर उतरवायला सुरुवात केली. हिरा गायकवाड, वय साठ, कर्वेनगर, पित्ताशयात खडे, ऑपरेशन उद्या सकाळी. मग तिची बोटं थांबली.

"आजी, सात नंबर राहिलाय."

"राहिला नाही. मी खोडलाय."

"जात लिहायचीय तिथं."

"वाचता येतं मला."

"अहो, पण मॅन्डेटरी फील्ड आहे. ते भरल्याशिवाय स्क्रीन पुढेच सरकत नाही."

"मग राहू दे आहे तिथंच. मला घाई नाही."

ऋचानं एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा हिराताईंकडे. पोरगी स्वभावानं वाईट नव्हती, मदतच करायला निघाली होती. "गायकवाड म्हणजे... मराठा टाकू का? की..."

"टाकू नका. आणि ते 'की' पण टाकू नका."

पुण्यात काउंटरमागच्या माणसाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. पण हिराताई स्वतःच एकतीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या. जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी. तिथं त्यांनी एक शिस्त पाळली होती: फॉर्मवरचा कुठलाही रकाना का आहे, असं समोरच्यानं विचारलं, तर ते सांगता आलं पाहिजे. मयताच्या वडिलांचं नाव कशाला, जन्माची वेळ कशाला, सगळ्याची उत्तरं त्यांच्या जिभेवर असत. नवीन लागलेल्या कारकुनांना त्या आधी रकान्यांची कारणं पाठ करायला लावायच्या, मगच शिक्का हातात द्यायच्या. ऑफिसात त्यांना मागून हेडबाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचं.

चैताली हिंजवडीहून अर्धी रजा टाकून आली होती. लॅपटॉपची बॅग खांद्याला, मोबाईल कानाला. तिनं मोबाईल बाजूला घेतला.

"आई, बौद्ध लिही आणि मोकळी हो ना."

"ते सहाव्या रकान्यात लिहिलंय. धर्म. चांगलं ठळक लिहिलंय. सातव्यात जात विचारलीय. ती छप्पन साली आमच्या घरातून गेली. आता हिच्या स्क्रीनसाठी तिला परत बोलवू?"

"माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळी सर्टिफिकेटवर चाललं की तुला."

"तिथं का हवी ते सरकारनं लिहून दिलं होतं. इथंही कुणी सांगू दे. कारण पटलं तर लगेच लिहिते."

मागे रांग वाढली होती. पोटावर हात धरून उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, काय ते तात्त्विक नंतर बघा. आम्हीही आजारीच आहोत."

"तुम्ही लिहिलीत?"

"लिहिली की. शाखेसकट."

"का विचारली, ते विचारलंत?"

गृहस्थांनी छताकडे बघितलं. हिराताई ऋचाकडे वळल्या. "हा रकाना कुणी घातला?"

"भूलवाल्या मॅडमनी घालून घेतलाय. खांबेटे मॅडम."

"बोलवा त्यांना."

महिन्याभरात पोटात तीनदा कळ येऊन गेली होती. चौथीची वाट बघू नका, असं सर्जननं बजावलं होतं. चैतालीनं ऑफिसात हातापाया पडून आठवड्याची रजा मिळवली होती. हे सगळं हिराताईंना कळत नव्हतं असं नाही. पण काही माणसं खिडकीपाशी एकदा गप्प बसतात आणि पुढे जन्मभर त्याची भरपाई करत राहतात. हिराताई त्यांतल्या होत्या.

डॉ. नीरजा खांबेटे ऑपरेशन थिएटरमधून तशाच आल्या, डोक्यावर हिरवी टोपी, कपाळावर तिचा वळ. चाळिशीच्या असतील. त्यांनी मायलेकींना शेजारच्या खोलीत नेलं, दार लावलं.

"हे बघा आजी, तुम्हाला वाटतंय तसं यात काही नाही."

"मला काय वाटतंय ते मी अजून सांगितलेलं नाही."

नीरजाबाई किंचित हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "बरोबर. मग मी सांगते. भूल देताना घशात नळी घालावी लागते. त्यासाठी शरीर लुळं पाडणारं एक इंजेक्शन देतात. स्कोलीन. त्यानं श्वाससुद्धा थांबतो. पण आपल्या रक्तात एक एन्झाइम असतं, ते या औषधाचा पाच-दहा मिनिटांत फडशा पाडतं आणि माणूस परत श्वास घ्यायला लागतो. काही लोकांच्या रक्तात ते जन्मापासूनच कमी असतं. त्यांचं औषध लवकर उतरत नाही."

"याचा जातीशी काय संबंध?"

"मी हैदराबादला शिकत होते. तिथं एका व्यापारी समाजातले असे तीन पेशंट माझ्या डोळ्यांसमोर झाले. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं, त्यामुळे त्यांच्यात ते जास्त उतरलंय. त्या समाजाची घरं पुण्यातही आहेत. म्हणून मी रकाना घालून घेतला. त्या समाजाचा पेशंट असला की मी ते औषध हातात घेत नाही. बाकीच्यांना काळजी नाही."

"बाकीच्यांना काळजी नाही, हे तपासून ठरवलंत?"

"त्या समाजावर अभ्यास झालेत."

"आणि आमच्यावर?"

दुसरी कुणी असती तर तिनं ठोकून दिलं असतं काहीतरी. नीरजाबाई म्हणाल्या, "माझ्या वाचनात नाही."

"म्हणजे रक्तातलं काहीतरी बघायचंय, तर रक्त बघा ना. जात कशाला बघता?"

"ती तपासणी इथं होत नाही. नमुना मुंबईला पाठवावा लागतो, तीन दिवस जातात. प्रत्येक पेशंटचं कसं पाठवणार? म्हणून हा शॉर्टकट."

"शॉर्टकट," हिराताई म्हणाल्या. पुढे त्यांना बरंच बोलायचं होतं, चैतालीनंही तशी कपाळाला हात लावायची तयारी ठेवली होती. पण त्या भलतीकडेच वळल्या. "उतरत नाही म्हणालात. म्हणजे किती वेळ?"

"दोन तास, चार तास. कधी जास्त."

"तेवढा वेळ माणूस काय करतो?"

"पडून असतो. हात, पाय, पापणी, काही हलत नाही. आपण मशीननं श्वास देत राहायचं."

"आणि मशीन नसलं तर?"

"पूर्वी हातानं फुगा दाबत बसायचे. पण हे तुम्ही..."

"त्याला ऐकू येतं का?"

नीरजाबाईंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "झोपेचं औषध आधी उतरलं आणि हे उतरलं नाही, तर येतं. सगळं येतं. आजी, हे तुम्ही का विचारताय?"

चैतालीनं मोबाईल बंद केला.

"माझ्या भावाला येत होतं," हिराताई म्हणाल्या.

एकोणसत्तर सालची गोष्ट. महिपती तेव्हा पस्तिशीचा, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला, राहायला येरवड्याच्या वस्तीत. एका सरकारी दवाखान्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. तासाभराचं काम, म्हणाले होते. सकाळी नऊला आत नेलेला माणूस दोन वाजले तरी बाहेर येईना. व्हरांड्यात वहिनी आणि तेवीस वर्षांची हिरा. आतून एक वॉर्डबॉय धावत गेला, मग दोन शिकाऊ डॉक्टर धावत आले. अडीचला सांगितलं, वाचला.

आठ दिवसांनी खिडकीतून कागद मिळाला. तो हिरानं घेतला, कारण मॅट्रिक झालेली घरात तीच होती. कागद इंग्रजीत होता. त्यात एक लांबलचक शब्द होता, तो तिला लागला नाही. मागे माणसं उभी होती, आतला कारकून खेकसत होता. तिनं काय लिहिलंय ते विचारलं नाही. घडी घातली आणि निघाली.

तो शब्द दुसऱ्या दिवशी छापखान्यात फोरमननं वाचून दाखवला, रजेच्या अर्जाला कागद जोडलेला होता म्हणून, आणि चांगला मोठ्यानं वाचून दाखवला. अट्टल दारुडा. दारूमुळे भूल अंगावर आली, असं डॉक्टरनं लिहिलं होतं.

महिपती बावीस वर्षांचा असताना बापाबरोबर नागपूरला दीक्षेला गेला होता. परत आला तो दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेऊन, आणि नुसती घेऊन नाही, तर वस्तीतल्या पन्नास घरांना देऊन. विहारात दर वर्षी प्रतिज्ञा वाचायचा मान त्याचा. आवाज असा की माईक लागायचा नाही. त्या कागदानंतर त्या मानावरून त्याला कुणी काढलं नाही. तो आपणहून मागे गेला. ज्याच्या कागदावर दारू लिहिली आहे त्यानं दारूची प्रतिज्ञा सांगू नये, एवढंच म्हणाला. सदतीस वर्षं तो शेवटच्या रांगेत उभा राहत होता. यंदा तर पन्नासावं वर्ष. नागपूरला जाऊन आलेले वस्तीत दोघंच उरले होते, त्यांतल्या एकाची वाचा गेलेली. मंडळाची पोरं महिपतीच्या दारात दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा त्यानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

हे सगळं हिराताईंनी सांगितलं तेव्हा नीरजाबाईंच्या हातातली टोपी चुरगळून गेली होती.

"आजी, आता तुम्हाला मी ते औषध देणारच नाही. दुसरं आहे माझ्याकडे. उद्याचं ऑपरेशन उद्याच होईल."

"नाही."

"आई!" चैताली म्हणाली.

"माझं ऑपरेशन झाल्यावर माझ्या रक्ताशी कुणाला काय करायचंय? खडे निघाले की फाईल बंद. आधी रक्त जाऊ दे मुंबईला. माझं आणि दादाचं. रिपोर्ट आला की मी लगेच टेबलावर चढते."

"तीन दिवसांत कळ आली तर? खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, हे कळतंय ना तुम्हाला?"

"बेतू दे. सदतीस वर्षं त्याच्या जिवावर बेतलंय, माझ्या तीन दिवस."

नीरजाबाईंनी सर्जनला फोन लावला. पलीकडून काय येत होतं ते भिंतीपलीकडे रांगेतल्या गृहस्थांनाही ऐकू गेलं असेल.

महिपती दुपारी रिक्षानं आला. बहात्तरचा, कमरेत वाकलेला, पण सदरा कडक इस्त्रीचा. खुर्चीत बसून त्यानं खोली, टेबल, सुई, सगळं नीट पाहून घेतलं आणि हात काही पुढे केला नाही.

"आता परत काय लिहिणार?" त्यानं विचारलं.

"रक्तात असेल तेच," नीरजाबाई म्हणाल्या.

"त्या वेळीही असंच वाटलं होतं मला."

"आजोबा, त्या दिवशी तुम्हाला काय काय ऐकू आलं?"

महिपतीनं बहिणीकडे पाहिलं. हिराताईंनी मान हलवली. हा प्रश्न त्याला सदतीस वर्षांत एकाही डॉक्टरनं विचारला नव्हता. तो ऐकू आलं म्हणायचा आणि लोक एकमेकांकडे बघायचे, दारुड्याला काय वाटेल ते ऐकू येतं.

"फुग्याचा आवाज यायचा," तो सावकाश म्हणाला. "फस्‌, फस्‌. दोन पोरं होती, आळीपाळीनं दाबायची. एक म्हणालं, हात भरून आला. मला भीती, हा थांबतोय की काय. मग मोठे डॉक्टर आले. म्हणाले, राहतो कुठं हा? पोरानं केसपेपर बघून सांगितलं, येरवडा, अमुक वस्ती. मग काय विचारता, म्हणाले, पितात सगळे तिथले, लिवून टाका दारुडा. मी ओरडत होतो, बाई. आतल्या आत. साहेब, मी शपथ घेतलीय. पण जीभ कुठं हलायला?"

नीरजाबाईंनी दंडाला पट्टा बांधला. या वेळी त्यानं हात दिला.

"पत्त्यावरून ठरवलं त्यांनी," हिराताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुम्ही जातीवरून ठरवताय. त्यांना दारू दिसली, तुम्हाला काळजी नाही असं दिसलं. रक्त दोघांनीही बघितलं नाही."

नीरजाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुई मात्र त्यांनी अलगद घातली.

गुरुवारी दुपारी चौथी कळ आली. हिराताई पलंगावर मुटकुळं करून पडल्या, टॉवेलाचा बोळा दातांत धरला. चैताली गाडीची किल्ली हातात घेऊन उभी, रडत आणि चिडत एकदमच.

"चल ना गं आई. तू गेलीस तर मामाला तो कागद काय चाटायचाय?"

हिराताईंनी टॉवेल काढला. "त्या खिडकीपाशी मी एक शब्द विचारला असता तर तिथल्या तिथं भांडता आलं असतं. तेव्हा ते डॉक्टर होते, ती पोरं होती. मी घडी घातली, चैताली. मी. आज मला उठवू नकोस."

चैतालीनं किल्ली टीपॉयवर ठेवली आणि गरम पाण्याची पिशवी भरायला गेली. तासाभरानं कळ ओसरली.

शनिवारी नीरजाबाईंनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. समोर हिराताई, महिपती, आणि मागे भिंतीला टेकून चैताली.

"दोघांचंही कमी आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं कमी नाही, फारच कमी. आजी, परवा मी नेहमीसारखं ते इंजेक्शन दिलं असतं तर..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. "आयुष्यभर कुठल्याही ऑपरेशनआधी हे सांगायचं. चैताली, तुझीही तपासणी करू."

"हे लिहून द्या," हिराताई म्हणाल्या.

"देते ना. दोघांनाही कार्ड करून देते."

"कार्ड द्याच. पण एकोणसत्तरचं पण लिहा. तेव्हा यामुळेच झालं, दारूमुळे नाही."

नीरजाबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते मी कसं लिहू? मी तिथं नव्हते. दुसऱ्या डॉक्टरच्या कागदावर... आणि खरं सांगायचं तर, लिव्हर खराब झालं तरी हे एन्झाइम कमी होतं. दारूनं लिव्हर खराब होतं. त्यामुळे त्यांचा तर्क अगदीच काही..."

महिपती खुर्चीतून उठायला लागला. त्याला याची सवय होती. हिराताईंनी त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.

"माझं लिव्हर कसं आहे?"

"तुमचं? उत्तम. सगळे रिपोर्ट आहेत की."

"मग माझ्या रक्तात कमी का? मी किती प्याले?"

नीरजाबाई दोन रिपोर्टांकडे बघत राहिल्या, एक भावाचा, एक बहिणीचा. मग त्यांनी खणातून स्वतःच्या नावाचा कागद काढला.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"मी सांगायचं नाही. तुम्ही लिहायचं, तुम्हाला पटेल तेवढंच. पण मराठीत लिहा, आणि खाली इंग्रजीत. ज्या भाषेत लिहिलं त्याच भाषेत खोडलं गेलं पाहिजे."

त्यांनी लिहिलं. महिपती समोरून वाकून, त्याच्या बाजूनं उलटी दिसणारी अक्षरं ओळीमागून ओळ वाचत होता. उलटी अक्षरं वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. हा दोष जन्मजात व आनुवंशिक आहे. रुग्णाच्या सख्ख्या बहिणीतही तो आढळला आहे. १९६९ साली भूल दिल्यानंतर श्वास परतण्यास झालेला विलंब याच दोषाने झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. मद्यपानाचा त्याच्याशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही.

"छापखान्यात रोज चुकीचा खिळा उचकटून बरोबर बसवायचो," तो म्हणाला. "हा एकच निघत नव्हता."

त्यानं आपल्या प्लास्टिकच्या पिशवीतून जुना कागद काढला, पिवळा, घड्यांवर फाटलेला, आणि नवा त्याच्यावर ठेवून दोन्ही एकत्र पिशवीत सरकवले.

"माफ करा, आजोबा," नीरजाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कुठं काय केलंत?"

"सातवा रकाना केला." त्या हिराताईंकडे वळल्या. "तिथं एकच विचारायला हवं होतं. घरात कुणाला भूल दिल्यावर श्वास यायला उशीर झाला होता का? मी बदलायला सांगते."

"महिना जाईल," चैताली मागून म्हणाली. "असले बदल आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांकडेच येतात. रांगेत पडून असतात."

सोमवारी सकाळी काउंटरवर तीच ऋचा होती आणि तोच स्क्रीन. तिनं हिराताईंना येताना पाहिलं आणि आधीच चेहरा कसनुसा केला.

"आजी, अजून आहे तो. मॅन्डेटरी."

"असू दे. लिही."

"लिहू?" तिचा विश्वास बसेना. "काय लिहू?"

"महिपतीची बहीण."

ऋचानं वर पाहिलं. हिराताईंच्या मागे तो वाकलेला म्हातारा उभा होता, आज परवाच्यापेक्षा कडक इस्त्रीचा सदरा, बगलेत प्लास्टिकची पिशवी.

"पण ही काही जात झाली नाही."

"नाहीच झाली. भूल देणाऱ्याला जेवढं कळायला हवं तेवढं त्यात आलंय. लिही तू."

ऋचानं एकेक अक्षर टाईप केलं आणि बटण दाबलं. स्क्रीन पुढे सरकला. आठवा रकाना आला, ॲलर्जी आहे का म्हणून, आणि हिराताई सांगायला लागल्या.

महिपतीनं चैतालीच्या कोपराला हात लावला. "तुझा फोन दे गं जरा. मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर आहे ना त्यात?"

चैतालीनं नंबर लावून दिला. फोन कानाला कसा धरायचा ते त्याला नीट जमत नव्हतं, त्यानं तो तोंडासमोर धरला आणि बोलला. त्या आवाजानं रांगेतली माणसं वळून बघायला लागली, लिफ्टपाशी उभा असलेला वॉचमनही बघायला लागला.

"महिपती बोलतोय. यंदा प्रतिज्ञा वाचायला माणूस मिळाला का तुम्हाला?"

पलीकडचं त्यानं ऐकून घेतलं.

"मग शोधू नका," तो म्हणाला.